पोटगीसाठी दिलेली वकिलाची फी आयकरातून वजा होते का? माझा अनुभव

इंदूरच्या कुटुंब न्यायालयातून पोटगीचा आदेश हातात आला की विवरणपत्र भरताना दोन प्रश्न उभे राहतात. या पैशावर कर लागतो का? आणि तो मिळवण्यासाठी वकिलांना दिलेली फी त्यातून वजा करता येते का? मला ओळखीच्या बायकांकडून दोन टोकांची उत्तरं मिळाली. कोणी म्हणे पोटगीवर कर नसतोच, कोणी म्हणे सगळी फी वजा करून टाक. दोन्ही अर्धवट आहेत. या वाटेवर मला जे नीट समजलं ते इथे मांडते.

वकिलाचा खर्च मागायची पहिली जागा आयकर विवरणपत्र नव्हे, न्यायालय आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ मध्ये अंतरिम पोटगीबरोबर दाव्याचा खर्चही मागता येतो. फौजदारी बाजूने अर्ज असेल, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, तर तिथेही अंतरिम रक्कम आणि कार्यवाहीचा खर्च दोन्ही मिळू शकतात. दोन्ही ठिकाणी कायदा म्हणतो की नोटिशीची तामील झाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत हा अर्ज निकाली काढावा. प्रत्यक्षात तामीलच लांबते, म्हणून समोरच्याचा राहता पत्ता आणि नोकरीचा पत्ता असे दोन्ही पहिल्याच अर्जात द्यावेत.

आपल्याकडे इंदुरात सगळे कागद हिंदीत होतात. अर्जाच्या शेवटी मागण्या लिहितात, तिथे भरण-पोषणाची रक्कम आणि वाद-व्यय अशा दोन वेगळ्या ओळी आहेत का ते सही करण्यापूर्वी वाचून घ्या. खर्चाची ओळ राहून गेली तर न्यायाधीश ती आपणहून घालतीलच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असंही सांगितलं. या शपथपत्रात आयकर विवरणपत्रांचीही माहिती द्यावी लागते. म्हणजे विवरणपत्रात लिहिलेलं उद्या रक्कम वाढवण्याच्या अर्जात समोरचा वकील वाचून दाखवू शकतो. दोन्हीकडचे आकडे जुळलेच पाहिजेत.

फी देणं मुळातच जड असेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात अर्ज करा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. दूरध्वनी क्रमांक १५१००.

आता कर. एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची मानली जाते, तिच्यावर आयकर नाही. ती मुदत ठेवीत टाकली तर व्याजावर मात्र लागतो. दरमहा मिळणारी पोटगी हे उत्पन्न आहे आणि ते ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ या शीर्षकाखाली दाखवायचं असतं. हा फरक मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ साली प्रतापगडच्या राजकुमारी महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणात केला. मध्य प्रदेशात तो निकाल बंधनकारक नसला तरी सीए त्याचाच आधार घेतात. पैसे देणाऱ्या नवऱ्याला त्याच्या उत्पन्नातून पोटगीची वजावट मिळत नाही. त्यामुळे ‘त्यांनी कर भरलाच आहे, मग माझ्यावर पुन्हा कशाला’ हा युक्तिवाद भावनेला पटतो, पण टिकत नाही.

वजावटीचं कलम म्हणजे १९६१ च्या आयकर अधिनियमाचं ५७(iii). उत्पन्न मिळवण्यासाठीच, आणि केवळ त्यासाठीच, केलेला खर्च वजा होतो. मात्र तो भांडवली नसावा. खरी ओढाताण या शेवटच्या अटीत आहे. एकरकमी रक्कम करपात्रच नाही, म्हणून तिच्यासाठी दिलेली फी वजा होण्याचा प्रश्नच येत नाही. घटस्फोट, मुलांचा ताबा, स्त्रीधन परत मिळवणं यांची फी वैयक्तिक खर्च; तीही नाही. उरते दरमहा पोटगीची फी, आणि तिचेही दोन भाग पडतात. पोटगीचा हक्कच प्रथम प्रस्थापित करायला लागलेली फी भांडवली आहे असं अधिकारी म्हणू शकतो, कारण तिच्यातून कायमचा हक्क निर्माण झाला. आदेश झाल्यावर थकलेली रक्कम वसूल करायला लागलेली फी मात्र सरळ उत्पन्न गोळा करण्याचा खर्च आहे. माझ्या मते वजावट मागायची तर या दुसऱ्या भागाची निर्धास्त मागावी, पहिल्याची सीएशी बोलून आणि आपली बाजू लेखी मांडून. खर्च झाला पण त्या वर्षी उत्पन्न आलंच नाही तरी वजावट नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये राजेंद्र प्रसाद मूडी प्रकरणात म्हटलेलं आहे.

वसुलीबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. कलम १४४ खाली वॉरंटचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. नवरा दोन-तीन महिने चुकवतो, मग थोडे देतो, पुन्हा चुकवतो, आणि बघता बघता जुने महिने मुदतीबाहेर जातात.

बिलांकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. वकील सहसा ‘सर्व प्रकरणांची फी’ अशी एकच पावती देतात. अशा पावतीवर वजावट टिकत नाही. पोटगीचा अर्ज, वसुलीचा अर्ज, घटस्फोट यांची बिलं वेगवेगळी आणि प्रकरण क्रमांकासह मागा, आणि ती काम सुरू होतानाच ठरवा. नंतर तोडलेल्या बिलांना वजन राहत नाही. फी रोख देऊ नका. कलम ५८(२) मुळे ४०अ(३) ची मर्यादा इथेही लागू होते: एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च अमान्य. पेशीच्या दिवशी आवारातच रोख मागण्याची पद्धत आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवावं. बँकेतून किंवा यूपीआयने द्या. वकिलाने घरगुती प्रकरणाच्या बिलात जीएसटी लावला असेल तर विचारा. व्यवसाय नसलेल्या व्यक्तीला दिलेली वकिलाची सेवा जीएसटीमुक्त आहे. न्यायालयाने खर्च मंजूर केला असेल तर तेवढी रक्कम फीतून वजा करून उरलेलीच दाखवा.

वर्षाचा मेळ बसत नाही ही मोठी अडचण. फी बहुधा आधीच्या वर्षांत जाते आणि पोटगी नंतर येते. रोख पद्धतीने हिशेब ठेवला तर जे ज्या वर्षी दिलं ते त्याच वर्षी धरायचं, आणि या शीर्षकाखालचा तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. थकबाकी एकदम आली तर ती सगळी त्याच वर्षात मोजली जाते. पगाराच्या थकबाकीला कलम ८९ ची सवलत आहे, पोटगीला नाही.

पण मुळात कर लागतो का ते आधी बघा. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७अ च्या सवलतीने कर शून्य होतो. महिना २०,००० म्हणजे वर्षाला २,४०,००० एवढंच उत्पन्न असेल तर वजावटीच्या भानगडीत पडू नये. नोकरी करणाऱ्या बाईचं गणित वेगळं. प्रमाणित वजावटीनंतर पगार ११,५०,००० आणि पोटगी १,२०,००० धरली, तर एकूण १२,७०,०००. सीमांत सवलतीनंतर, म्हणजे १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न आहे त्याहून जास्त कर लागू नये या सवलतीनंतर, कर ७०,००० आणि उपकरासह ७२,८००. वसुलीची फी ४०,००० वजा झाली तर उत्पन्न १२,३०,००० आणि कर उपकरासह ३१,२००. म्हणजे ४०,००० च्या वजावटीने ४१,६०० वाचतात. १२ लाखांच्या किंचित वर असलेल्यांनी ही मेहनत जरूर घ्यावी. कलम ५७(iii) नव्या करपद्धतीतही मिळतं.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर अधिनियम लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण २०२५-२६ च्या विवरणपत्राला १९६१ चाच कायदा लागतो.

विवरणपत्राच्या आयटीआर-१ या नमुन्यात कलम ५७ ची फक्त कुटुंब निवृत्तिवेतनाची वजावट बसते. फी वजा करायची तर आयटीआर-२ घ्या. त्यातल्या शेड्यूल ओएस मध्ये (इतर स्रोतांच्या उत्पन्नाचा तक्ता) पोटगीची पूर्ण रक्कम ‘इतर उत्पन्न’ म्हणून लिहा आणि खर्च खालच्या वजावटीच्या ओळीत. निव्वळ आकडा वर टाकू नका. सगळं उघड दाखवलं आणि स्पष्टीकरण प्रामाणिक असेल, तर वजावट नाकारली गेली तरी कलम २७०अ च्या दंडातून सुटण्याचा आधार राहतो. पोटगी फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या करकपातीच्या नोंदींत, दिसत नाही, म्हणून आदेशाची प्रमाणित नकल, बिलं आणि बँकेच्या नोंदी एका फाइलमध्ये ठेवा. छाननीची नोटीस विवरणपत्र भरलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून तीन महिन्यांत येऊ शकते, आणि उत्तर पोर्टलवरच द्यावं लागतं. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करा; उशीर झाला तर पडताळणीची तारीखच भरल्याची तारीख धरतात, आणि पडताळणी केलीच नाही तर ते अवैध ठरतं.