गच्चीवरचा रानमेवा: जुलैची नोंद

गेल्या वर्षी करवंदाच्या बियांचं पाकीट ऑनलाइन मागवलं होतं. चाळीस बिया पेरल्या, एकही उगवली नाही. माती, पाणी, ऊन, सगळ्यांना दोष देऊन झाला. दोष खरं तर बियांच्या वयाचा होता. करवंदाचं बी वाळवून डबीत ठेवायचं नसतंच. फळातून काढलं की थोड्याच दिवसांत त्याचा जीव जातो.

म्हणून यंदा मे महिन्यात सिंहगडाच्या पायथ्याशी द्रोणातली करवंदं घेतली. "मावशी, बी धरायचंय, अगदी काळी झालेली बघून द्या." मावशी हसल्या. "कुंडीत लावताय व्हय? काट्यांनी फाडून निघाल की!"

घरी आल्यावर आधी करवंद फोडून आतल्या रंगावरून ओळखायचा कोंबडा की कोंबडी हा खेळ झाला (माझ्या वाट्याला सगळ्या कोंबड्याच). मग गर चोळून धुतला. चीक बोटांना बसतो, त्यामुळे आधी हाताला थोडं खोबरेल लावायचं. बिया सावलीत एक रात्र ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी वाळूमिश्रित मातीत जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल पेरल्या. तीस बियांपैकी एकवीस वर आल्या. पहिला कोंब सतराव्या दिवशी दिसला. आता बोटभर रोपं आहेत. फळासाठी दोन-तीन वर्षं थांबायचं. घाई असेल त्यांनी गुटीचं, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून केलेलं, रोप शोधावं.

फालशाची गोष्ट वेगळी. झाड तीन वर्षांचं, ड्रममध्ये लावलेलं. जीव होत नव्हता म्हणून गेल्या हिवाळ्यात छाटलं नाही. ते आठ फूट वाढलं आणि मूठभर फळं शेंड्याला लागली, तीही बुलबुलांनी खाल्ली. फालशाला फळ येतं ते नव्या फुटीवर. हे वाचलेलं होतं, पण कात्री उचलवत नव्हती. या जानेवारीत पानं गळाल्यावर मन घट्ट करून तीन फुटांवर कापलं, शेणखत दिलं. मार्चमध्ये पिवळी फुलं आली, आणि मे महिन्यात दिवसाआड वाटीभर फालसे मिळाले. सगळी फळं एकदम पिकत नाहीत आणि तोडल्यावर टिकतही नाहीत, त्यामुळे बाजारात क्वचितच दिसतात. आम्ही काळं मीठ घालून सरबतच केलं.

सुरिनाम चेरीला पहिली अकरा फळं धरली. कंगोऱ्यांचा छोटा भोपळाच म्हणा. नारिंगी असताना तोडलं तर टर्पेंटाइनसारखा वास येतो. पाहुण्यांना ते दिलं आणि नाव घालवलं. गडद लाल होऊन हात लावताच सुटलं, की मगच खायचं. याचंही बी ताजंच पेरा.

आंबगुळी या रानफळाच्या पाच फांद्या आंबोलीहून आणल्या होत्या, त्यातली एक जगली. पानाखालची चंदेरी चमक बघून रोज समाधान मानतो. पुढे ती वेलीसारखी पसरेल, म्हणून ग्रिलजवळ ठेवली आहे. मिरॅकल फ्रूटच्या (हे फळ खाल्ल्यावर आंबटही गोड लागतं) पानांच्या कडा मात्र करपल्या. त्याला आम्लधर्मी माती लागते आणि आमच्या सोसायटीचं बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. सध्या गच्चीवर पडणारं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवून फक्त त्यालाच घालतो. नवी दोन पानं हिरवी आली आहेत.

करवंदाची बारा रोपं जास्तीची आहेत. पुण्यात येऊन कुणीही न्यावीत. बदल्यात तोरणाचं किंवा अळूच्या फळाचं (दोन्ही रानफळं, भाजीचा अळू नव्हे) ताजं बी चालेल. वाळलेलं नको.