आमची वाटचाल : ‘नको’ आणि ‘आत्ता नको’

ठाण्यातल्या नौपाड्यात आमच्या वडिलांचं, अण्णांचं, दुकान होतं. आधी पुस्तकं-मासिकं भाड्याने द्यायचे, मग व्हिडिओ कॅसेट आल्या, मग व्हीसीडी. जागा दहा बाय बाराची, पण दिवाळीच्या सुट्टीत रांग फुटपाथवर जायची. शाळा सुटली की मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून वहीत नोंदी करायचे. कॅसेट काढण्याआधी अण्णा गिऱ्हाइकाला विचारायचे, “आज घरी कोण कोण आहे?” पाहुणे आलेत, मुलांची परीक्षा संपली, एकटाच आहे, असं काहीतरी उत्तर यायचं आणि अण्णांचा हात कुठल्या फळीकडे जाणार ते त्यावर ठरायचं. तुम्हाला काय आवडतं, हे ते क्वचितच विचारत.

या प्रश्नाची किंमत मला फार उशिरा कळली. नाटक, सिनेमा, पुस्तक सुचवणाऱ्या आम्हा दोघा भावंडांच्या छोट्याशा कंपनीची वाटचाल म्हणजे बरीचशी तिथपर्यंत पोचण्याचीच वाटचाल आहे.

व्हीसीडीचा धंदा बसला तसं दुकान भाड्याने दिलं. मी एका प्रकाशनाच्या कचेरीत लागले, धाकटा भाऊ ऐरोलीला सॉफ्टवेअरच्या नोकरीत. पण सवय सुटत नव्हती. नातेवाईक, शेजारी, सगळे विचारायचे : शनिवारी कुठलं नाटक बघू, आईला ऐकायला कुठलं पुस्तक देऊ, मुलांबरोबर बघता येईल अशी मालिका सांग. करोनाच्या दोन वर्षं आधी भाऊ म्हणाला, “ताई, तू हे फुकट करतेस ते आपण नीट करू.” वर्गणी देऊन कोण घेणार, ही मला शंका होती. त्यावर त्याने ग्रंथसंग्रहालयाचा दाखला दिला. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. वर्गणी भरायची आणि चांगलं काहीतरी हातात पडायची वाट बघायची, ही या गावाची सव्वाशे वर्षांची सवय आहे, असं त्याचं म्हणणं. वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्याचा पोटमाळा घेतला आणि सुरुवात केली. दर गुरुवारी सकाळी सभासदाच्या फोनवर चार शिफारशी : नाटक, सिनेमा, मालिका, पुस्तक, त्या आठवड्यात जे योग्य वाटेल ते. गुरुवार अशासाठी की शनिवार-रविवारच्या प्रयोगाची बरी जागा मिळायला हवी.

पहिल्या वर्षी सगळ्यांसारखे पाच तारे ठेवले. पाहून आलात की तारे द्या. जवळजवळ प्रत्येकाने प्रत्येक नाटकाला चार दिले. एका काकांना फोन करून विचारलं, तर म्हणाले, “अहो, त्या मुलांनी एवढी मेहनत घेतलीय, तीन कसे देऊ?” ते कलाकारांना मार्क देत होते. आपली संध्याकाळ कशी गेली, हे त्या ताऱ्यांत कुठेच नव्हतं.

भावाने तोवर नेटफ्लिक्सच्या स्पर्धेचा अभ्यास केला होता. ऑक्टोबर २००६मध्ये नेटफ्लिक्सने जाहीर केलं की कुणाला कुठला सिनेमा किती आवडेल, याचा आमच्या ‘सिनेमॅच’ या पद्धतीपेक्षा दहा टक्के जास्त अचूक अंदाज करून दाखवा आणि दहा लाख डॉलर घ्या. त्यासाठी सुमारे ४ लाख ८० हजार प्रेक्षकांनी १७,७७० सिनेमांना दिलेली दहा कोटींहून जास्त रेटिंग खुली केली. २००९मध्ये ‘बेलकोर्स प्रॅग्मॅटिक केऑस’ या चमूने १०.०६ टक्के सुधारणा करून बक्षीस नेलं. आणखी एका चमूने तेवढीच अचूकता गाठली होती, पण त्यांची प्रवेशिका वीस मिनिटं उशिरा पोचली. या स्पर्धेत मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन नावाची रीत गाजली. एका बाजूला प्रेक्षक, दुसऱ्या बाजूला सिनेमे असा अवाढव्य तक्ता मांडायचा. भरलेल्या घरांवरून प्रत्येक प्रेक्षकाचे आणि प्रत्येक सिनेमाचे काही छुपे गुण काढायचे. मग दोघांचे गुण एकमेकांशी ताडून रिकामी घरं भरायची. रीत खरोखर सुंदर आहे. भावाने तीन महिने रात्री जागून ती आमच्यासाठी बसवली, आणि तिच्यातून जवळजवळ काहीच निघालं नाही.

कारण साध्या भागाकारात होतं. तिकडे माणशी दोनशेहून जास्त रेटिंग होती. आमचा हौशी सभासदसुद्धा वर्षाला सात-आठ नाटकं बघतो. तक्ता रिकामाच राहिला. शिवाय सिनेमा फळीवर पडून राहतो, नाटक राहत नाही. आज ठाण्याच्या गडकरी रंगायतनला प्रयोग, पुढचा कदाचित महिन्याने वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात, त्यानंतर दौरा. मशीनने अचूक ओळखलेलं नाटक त्या आठवड्यात नाशिकला असेल तर सभासदाला त्याचा काय उपयोग?

खुद्द नेटफ्लिक्सनेही २०१२मध्ये लिहिलं होतं की बक्षीस मिळवणारं शेवटचं मिश्रण त्यांनी वापरात आणलं नाही. वाढलेल्या अचूकतेच्या मानाने ते बसवण्याचे कष्ट फार होते. हे वाचून मला धीर आला. भाऊ मात्र दोन दिवस गप्प होता.

मग आम्ही उलट्या टोकाने गेलो. अमेरिकेत पॅन्डोरा या संगीतसेवेने २००० सालापासून जाणकार संगीतकारांकडून एकेका गाण्याचे शेकडो गुणविशेष नोंदवून घेतले होते. तसंच आम्ही नाटकांचं सुरू केलं. मी आणि दोन मैत्रिणी प्रत्येक नवं नाटक बघायचो आणि नोंदवायचो : पहिला अंक रेंगाळतो का, शिवीगाळ आहे का, गाणी प्रत्यक्ष आहेत की ध्वनिमुद्रित, दुसऱ्या अंकात रडू येतं का, सातवीतल्या मुलाला कळेल का, शेवटच्या रांगेत संवाद पोचतात का. ही मेहनत आजही आमच्या कामाचा कणा आहे, आणि मशीनवर ती सोपवायचा माझा विचार नाही. शिफारशी लगेच सुधारल्या. सभासद वाढले. आता जमलं असं वाटत असतानाच मार्च २०२० आला.

ती दीड-दोन वर्षं थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांची सारखीच गेली. नाट्यगृहं बंद. आम्ही बोलती पुस्तकं, जुनी ध्वनिमुद्रणं आणि घरबसल्या बघायच्या मालिकांवर तग धरला. ५ नोव्हेंबर २०२० रोजी, नेमकं मराठी रंगभूमी दिनी, निम्म्या आसनांवर पडदा उघडायला परवानगी मिळाली. मग दुसरी लाट आली आणि पुन्हा सगळं बंद. २२ ऑक्टोबर २०२१ला नाट्यगृहं परत उघडली तेव्हा गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर उभं राहून मी तिसरी घंटा ऐकली, आणि ती माझ्या अजून कानात आहे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पाचपाखाडीतल्या एका ताईंचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. म्हणाल्या, “तुम्ही सांगितलेलं नाटक बघायला गेले होते. वडील आजारी पडतात, मुलगी परत येते, ते. नाटक चांगलं होतं हो. पण आमच्याकडे सासऱ्यांचं तेरावं होऊन महिना नव्हता झाला. मध्यंतरात उठून आले आणि तलावपाळीवर बसून राहिले. तक्रार नाही करत मी. फक्त आज परत तसलीच दोन आलीत, ती थांबवता येतील का?”

मी त्यांचं खातं उघडलं. मशीनच्या लेखी सगळं व्यवस्थित होतं. तिकीट काढलं, नाट्यगृहात गेल्या, म्हणजे आवडलं. म्हणून ‘आजारपण’, ‘वडील-मुलगी’, ‘घर’ या खुणांचं वजन वाढवलं आणि पुढच्या गुरुवारी त्याच वाटेवरच्या आणखी दोन शिफारशी गेल्या. हिशोबात चूक नव्हती. माणसाच्या आयुष्यात त्या आठवड्यात काय चाललंय, हे विचारायची जागाच आम्ही ठेवली नव्हती. आणि २०२१मध्ये असं घर काही एकच नव्हतं.

त्या संध्याकाळी भाऊ आणि मी पोटमाळ्यावर उशिरापर्यंत बसलो. तो म्हणाला, “आपण त्यांची आवड बदलायची का? दुःखाची नाटकं कमी करू?” मी म्हटलं, “अरे, आवड तीच आहे. त्या स्वतःच सांगतायत, नाटक चांगलं होतं. त्यांना आत्ता नको होतं.” बोलताना मलाच ऐकू आलं. तोपर्यंत आमच्याकडे एकच ‘नको’ होतं. ते दाबलं की त्या जातीची सगळी नाटकं त्या माणसाच्या आवडीतून कायमची वजा व्हायची. म्हणजे ताईंनी ते दाबलं असतं तर आणखी दोन वर्षांनी त्यांना आम्ही फक्त फार्स सुचवत बसलो असतो.

दुसऱ्या दिवसापासून दोन बटणं झाली. ‘नको’ आणि ‘आत्ता नको’. ‘नको’ म्हणजे हे माझ्या पसंतीचं नाही, हिशोबात धरा. ‘आत्ता नको’ म्हणजे आवडीला हात लावू नका, हे फक्त बाजूला ठेवा. कधीपर्यंत, ते सभासदानेच सांगायचं : पुढच्या महिन्यात, परीक्षा झाल्यावर, सण झाल्यावर, किंवा ‘मी सांगेन तेव्हा’. का नको, हे विचारायचं नाही. भावाला तो प्रश्न हवा होता, कारण उत्तरातून मशीनला शिकता आलं असतं. मी ठाम राहिले. दारात आलेल्या माणसाने चहा नको म्हटल्यावर आपण कारण विचारत नाही.

अण्णांचा प्रश्नही मग मागोमाग आला. प्रत्येक गुरुवारी शिफारशींच्या आधी एक ओळ जाते : ‘या आठवड्यात कोणाबरोबर?’ एकटे, दोघं, आईवडिलांबरोबर, मुलांबरोबर, मित्रमंडळी. एका फोनवर अख्खं घर असतं. आजीचं कीर्तन, नातवाचं कार्टून आणि सुनेची गुप्तहेरकथा एकाच खात्यात मिसळली की कुणाच्याच आवडीचं न निघणारं काहीतरी वर येतं. त्या एका ओळीने जेवढा फरक पडला तेवढा भावाच्या तीन महिन्यांच्या गणिताने पडला नव्हता, हे तोच आता नवीन मुलांना शिकवताना सांगतो. आईवडिलांबरोबर असं आलं तर बाल्कनीचा जिना, प्रयोगाची वेळ आणि परतीचं वाहन हेही आम्ही बघतो. गुडघे दुखणाऱ्या बाईला रात्री साडेआठचा प्रयोग आणि वर बाल्कनी सुचवणं म्हणजे शिफारस नव्हे.

आवड आणि अंतर यांची गल्लतही आम्ही पुढे एकदा केली. गडकरी नूतनीकरणासाठी बंद होतं तेव्हा नौपाडा, चरई, राम मारुती रोड भागातल्या सभासदांचं नाटक बघणं एकदम घसरलं. मशीनने निष्कर्ष काढला की यांना आता मालिका आवडतात. खरं कारण एवढंच की पायी जाता येणारं नाट्यगृह बंद होतं, काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात जायचं तर संध्याकाळच्या घोडबंदर रोडच्या गर्दीतून जावं लागतं. त्याच काळात कासारवडवलीच्या सभासदांना काहीच फरक पडला नाही, त्यांना घाणेकरच जवळ. आणि ऐरोली-कोपरखैरणेकडचे लोक ट्रान्स-हार्बरने भाव्यांतल्या प्रयोगांना जातच होते. तेव्हापासून एखाद्याने काय बघितलं नाही, यावरून आम्ही आवड ठरवत नाही. त्याच्यापुढे ते खरोखर आलं होतं का, आणि त्याला पोचता आलं असतं का, हे आधी तपासतो.

सुधारणा झाली हे मोजायचं कसं, हाही मोठा प्रश्न होता. मोठ्या कंपन्या अर्ध्या लोकांना एक आणि अर्ध्यांना दुसरं दाखवून तुलना करतात. आमच्या संख्येत त्यातून धड काही कळत नाही. म्हणून आम्ही सोमवारी फोन करतो. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या थोड्या सभासदांना, प्रत्येकी पाच मिनिटं. ‘आवडलं का’ असं विचारत नाही, नाहीतर परत चार तारे येतात. ‘घरी येताना काय बोललात?’ असं विचारतो. लोक भरभरून सांगतात. नोंदींमध्ये मला न सुचलेल्या कितीतरी खुणा या फोनवरून आल्या आहेत.

पैशाचंही सांगायला हवं. दोन वर्षं हात आखडता होता. त्या काळात एका निर्मात्याने विचारलं, आमचं नाटक महिनाभर पहिल्या क्रमांकावर ठेवाल का, रक्कम तुम्ही सांगा. गाळ्याचं भाडं थकलं होतं, तरी नाही म्हटलं. सभासद वर्गणी देतो ती आमच्या शब्दासाठी. तो शब्द दुसऱ्याला विकला तर मग उरलं काय? आता जाहिरात घेतो, पण शिफारशींच्या खाली, वेगळ्या चौकटीत, ‘जाहिरात’ असं ठळक लिहून.

माहितीच्या बाबतीतही नेटफ्लिक्सच्या त्याच स्पर्धेने आम्हाला सावध केलं. नावं काढून टाकलेल्या त्या रेटिंगांची आयएमडीबी या सिनेमांच्या संकेतस्थळावरच्या उघड रेटिंगांशी सांगड घालून काही माणसं ओळखता येतात, हे अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. २०१०मध्ये नेटफ्लिक्सने दुसरी स्पर्धा रद्द केली. कुठल्या आठवड्यात कुणी दुःखाचं नाटक बाजूला ठेवलं, ही साधी नोंदसुद्धा एखाद्या घराबद्दल फार काही सांगून जाते. म्हणून ‘कोणाबरोबर’चं उत्तर तो आठवडा संपला की पुसलं जातं. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याच्या आधीपासून आम्ही हे करतो.

आज आम्ही सहा जण आहोत. चारातली चौथी शिफारस मुद्दाम सभासदाच्या नेहमीच्या वाटेबाहेरची असते. ती बरेचदा फसते, पण लागते तेव्हा सोमवारच्या फोनवर लोक तिच्याबद्दलच बोलतात.

पाचपाखाडीतल्या त्या ताई अजून सभासद आहेत. विनोदी नाटकं बघतात, मुलीबरोबर संगीत नाटकाला जाऊन आल्या. मध्यंतरात सोडलेलं ते नाटक त्यांच्या खात्यात अजून ‘मी सांगेन तेव्हा’च्या रकान्यात आहे. त्याचे प्रयोग आता विरळ झालेत, हा मोसम बहुधा शेवटचा. परवा भाऊ म्हणाला, “ताई, एकदा आठवण करून द्यायची का त्यांना? नंतर बघायला मिळणार नाही.” आम्ही दोघांनी बराच वेळ विचार केला. गुरुवारी त्यांना चार शिफारशी गेल्या, त्यात ते नव्हतं.