तुम्ही विचारलंत म्हणून: फायरप्लेसमागची बिडाची पाटी

इंग्लंडमधली जुनी घरं बघून आलेली मंडळी फोटो दाखवतात आणि हमखास हेच विचारतात: फायरप्लेसच्या मागच्या भिंतीला टेकवलेली ती काळी, जाडजूड, नक्षीची पाटी शोभेची की कामाची? आणि तिच्यावर १५८८ साल आहे, म्हणजे ती खरंच तेवढी जुनी का?

तिला फायरबॅक म्हणतात. ती कामाचीच आहे. नक्षी तिच्यावर जवळजवळ फुकटात आली आहे, आणि सालावर भरवसा ठेवायचा नाही. या तिन्ही उत्तरांचं मूळ ती कशी ओतली जायची यात आहे.

सोळाव्या शतकापर्यंत तिथल्या बहुतेक साध्या घरांत आग खोलीच्या मधोमध पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचे पाद्री विल्यम हॅरिसन १५७७ मध्ये लिहितात की गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत झालेल्या तीन बदलांचं फार नवल वाटतं, आणि त्यातला एक म्हणजे जिकडेतिकडे उभी राहिलेली धुराडी. धुराडं आलं तशी आग भिंतीला चिकटली. तेव्हाची वीट मऊ, सांधे चुन्याचे. रोज लाकडाची आग, त्यात ओंडके धाडकन भिंतीवर आपटणार. दोन-चार हिवाळ्यांत विटांचे पापुद्रे सुटायला लागायचे. भिंत वाचवायला समोर बिडाची पाटी उभी केली, एवढंच तिचं पहिलं काम.

दुसरं काम उष्णता साठवण्याचं, पण त्याची जाहिरात फार होते. हिशेब करून बघा. ६० सेंटिमीटर लांब, तेवढीच उंच आणि ३ सेंटिमीटर जाड पाटी ७५ ते ८० किलो भरते. ती सरासरी ३०० अंशांनी तापली तर तिच्यात विजेच्या साधारण ३ युनिटांएवढी उष्णता साठते. पाऊण किलो वाळक्या लाकडात असते तेवढीच ही. आग विझल्यावर काही वेळ ऊब मिळते हे खरं. पण फायरबॅक लावला की खोली दुप्पट गरम होते वगैरे विक्रेत्यांच्या गप्पा. उघड्या फायरप्लेसची बहुतेक उष्णता धुराड्यातून वर जाते ती जातेच. फायरप्लेसची रचनाच बदलून टाकणाऱ्या काउंट रम्फर्डने तर १७९६ मध्ये स्पष्ट बजावलं होतं की आगीभोवती लोखंड लावणं सगळ्यात वाईट, त्यापेक्षा वीट किंवा दगड बरा.

आता ओतकाम. ससेक्स, केंट आणि सरे या परगण्यांत पसरलेला वील्ड नावाचा जंगलाचा टापू हे या पाट्यांचं माहेर. तिथे चिकणमातीत लोहखनिज होतं, कोळशासाठी झाडी होती आणि बांध घालून तळी करता येतील असे ओढे होते. भात्यांना जोर त्या पाण्याचा. इंग्लंडमधल्या पहिल्या झोतभट्ट्या इथेच १४९० च्या दशकात पेटल्या आणि १५७० च्या दशकापर्यंत त्यांची संख्या पन्नासच्या घरात गेली. भट्टीचा खरा धंदा तोफांचा आणि घडीव लोखंड करण्यासाठी लागणाऱ्या बिडाच्या लाद्यांचा. फायरबॅक हे त्यातलं किरकोळ काम. भट्टी फुटली, म्हणजे तळाचं तोंड उघडून वितळलेल्या बिडाचा रस बाहेर सोडला, की त्यातला थोडा या साच्याकडे वळवायचा.

साचा उघडा असायचा, आणि सगळी गंमत तिथेच आहे. भट्टीपुढच्या जमिनीवर रेतीचा थर पसरून पाणसळीत आणायचा. रेती दमट हवी. मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि मोडला तर स्वच्छ दोन तुकडे पडावेत. पाणी जास्त झालं तर रस पडताक्षणी वाफ कोंडते, पाटीत पोकळ्या राहतात, कधी रस उसळून अंगावर येतो. कमी झालं तर साच्याच्या कडा ढासळतात. मग पाटीच्या मापाची लाकडी फळी रेतीत दाबून उचलायची. फळीच्या कडा किंचित उतरत्या ठेवाव्या लागतात, नाहीतर उचलताना रेती सोबत येते. या खळग्याच्या तळावर हवे ते छाप उठवायचे: गुलाब, लिलीचं फूल, द्राक्षवेल, ढाल, सालाचे आकडे, मालकाच्या नावाची आद्याक्षरं. सगळ्यात स्वस्त नक्षी म्हणजे दोराचा तुकडा. पीळदार दोर रेतीत दाबला की काठाला गोफ तयार. वरून कोळशाची पूड भुरभुरवली की रेती बिडाला चिकटत नाही. मग रस साच्यात सोडायचा. तो वाटेत थंडावला तर दोन धारा भेटतात पण एकजीव होत नाहीत आणि तिथे जन्मजात चीर राहते. भरल्यावर वर रेती किंवा कोळशाची पूड टाकून सावकाश निवू द्यायचं. पातळ कडा झपकन थंड झाल्या तर तिथलं बीड पांढरं पडतं, काचेसारखं कडक आणि ठिसूळ.

म्हणजे साधी पाटी आणि नक्षीची पाटी यांच्या खर्चात फरक किती? छाप आधीच कोरलेले असतील तर अर्ध्या तासाची मेहनत. म्हणून साध्या शेतकऱ्याच्या घरातही नक्षी दिसते. घराण्याचं चिन्ह हवं असेल तर मात्र सुताराकडून अख्खा लाकडी नमुना कोरून घ्यावा लागे, आणि तिथे पैसे मोजावे लागत.

छापांची पाटी जवळून बघितली की काम करणाऱ्याचा हात दिसतो. एकच गुलाब पाच ठिकाणी, पण एक जरा तिरका, एक शेजारच्यावर चढलेला. रेतीत दाबलेली फळी दोन लाकडं जोडून केली असेल तर त्या सांध्याची रेघही बिडात उतरते. अक्षरांत उलटे एन आणि एस सर्रास सापडतात. छपाईचे खिळे उलटे कोरावे लागतात. इथे तसं नाही. लाकडात जसं कोराल तसंच बिडात उमटतं, कारण रेतीतला ठसा उलटा आणि ओतीव पुन्हा सुलटी. ज्याला वाचता येत नव्हतं किंवा जो नाहक जास्त विचार करत बसला, त्याचं अक्षर कायमचं उलटं राहिलं.

याचं सगळ्यात अफलातून उदाहरण सरेमधल्या क्रोहर्स्टच्या चर्चमध्ये आहे. ॲन फॉर्स्टर या बाईच्या थडग्यावर १५९१ सालची बिडाची शिळा आहे: टॉमस गेन्सफर्डची मुलगी आणि वारस, मागे दोन मुलगे आणि पाच मुली. काम झाल्यावर तो नमुना भट्टीवरच राहिला असणार, कारण त्याच मजकुराच्या पाट्या इतर घरांत फायरबॅक म्हणून निघाल्या आहेत. कुणा परक्या बाईचा मृत्युलेख पाठीशी ठेवून लोक हात शेकत बसले. पाटी मजबूत होती आणि नमुना तयार होता, मग कोण कशाला नाक मुरडतो!

सालाचा घोळही असाच. आकडे नमुन्यात कोरलेले असतील तर तो नमुना टिकेल तितकी वर्षं तेच साल ओतलं जाणार. म्हणून पाटीवरचं साल ‘याच्या आधीची नाही’ एवढंच सांगतं. चिन्हांचंही तसंच. राजचिन्हाला धरून सिंह आणि ड्रॅगन उभे असतील तर नमुना ट्यूडर राजघराण्याच्या काळातला. ड्रॅगनच्या जागी युनिकॉर्न आला की १६०३ नंतरचा, कारण स्कॉटलंडचा जेम्स गादीवर आला आणि युनिकॉर्न सोबत घेऊन आला. ओकचं झाड आणि त्यात तीन मुकुट दिसले तर १६५१ मध्ये वुस्टरच्या लढाईत हरलेला दुसरा चार्ल्स ज्या झाडात लपला होता त्याची ती आठवण, आणि ती उघडपणे मिरवायची सोय १६६० नंतरच झाली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभट, पातळ, वरून कमानदार पाट्या येतात, त्यांवर ग्रीक-रोमन देवादिकांचे देखावे. त्या डच धाटणीच्या. बारीक कोरीवकामात त्यांचा हात कोणी धरणार नाही, पण मला वील्डच्या ओबडधोबड पाट्याच जास्त आवडतात. ससेक्समधल्या ब्रीड भट्टीच्या रिचर्ड लेनर्ड या ओतणाऱ्याने १६३६ च्या पाटीवर स्वतःलाच ओतून ठेवलंय: हातोडा घेतलेला, बाजूला पेटलेली भट्टी, सोबत कुत्रा, वर नावगाव. इतक्या राजांच्या आणि सरदारांच्या पाट्यांत हा एक कारागीर ठसठशीत उभा आहे.

आणि ते १५८८? जहाजाचा नांगर, गुलाब, द्राक्षवेल आणि आय एफ सी ही अक्षरं असलेली पाटी असेल, तर इंग्लंडवर चालून आलेल्या स्पॅनिश आरमाराच्या सालामुळे ती फार लोकप्रिय झाली आणि विसाव्या शतकातही तिच्या नकला भरमसाट ओतल्या गेल्या. नक्कल ओळखायची तर पाटी फिरवून पाठ बघा. उघड्या साच्यात पाठ म्हणजे रसाचा हवेला लागलेला पृष्ठभाग: खडबडीत, मळीचे खड्डे, जाडी एका बाजूला कमी-जास्त, कारण जमीन पाणसळीत नव्हती. पाठ सगळीकडे सारखी आणि रेतीच्या कणांसारखी एकसंध खरखरीत असेल तर ती बंद पेटीत ओतलेली, म्हणजे बहुधा अलीकडची. दुसरी खूण मापाची. बीड थंड होताना सुमारे १ टक्का आकसतं. कोल्हापूर-बेळगावच्या फाउंड्रीत पॅटर्न करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. जुन्या पाटीवरूनच नवा साचा घेतला तर ९० सेंटिमीटरची पाटी ८९ ची होते, नकलेची नक्कल ८८ ची, आणि दर खेपेला फुलांच्या पाकळ्या बोथट होत जातात. तिसरी खूण झिजेची. खरोखर वापरलेली पाटी मध्यावर, तळापासून एक-दीड वीत उंचीपर्यंत जळालेली असते. सगळीकडे सारखी ‘जुनाट’ दिसणारी पाटी संशयास्पद.

आता घरात अशी पाटी असणाऱ्यांसाठी. ती भिंतीत चुन्या-सिमेंटने घट्ट बसवू नका. ९० सेंटिमीटर रुंदीची पाटी ४०० अंशांनी तापली की जवळपास ४ मिलिमीटर फुगते. तिला जागा नसेल तर एक तर वीट फुटेल नाहीतर पाटी. खाली दगडावर उभी करायची, मागे बोटभर फट ठेवायची आणि वरच्या बाजूला भिंतीतल्या दोन लोखंडी आकड्यांनी सैल धरायची, पुढे पडू नये एवढंच. लाकडं पाटीला टेकवून नाही, ओंडके पेलणाऱ्या लोखंडी घोड्यांवर थोडी पुढे रचायची.

तडा बहुधा मध्यातून वर जातो. मधला भाग लाल व्हायच्या बेतात आणि कडा अजून गार, असं झालं की ताण काठावर येतो आणि बीड ताण सोसत नाही. म्हणून कडाक्याच्या थंडीत पहिली आग लहान लावावी, अर्धा-पाऊण तासाने वाढवावी. पाणी टाकून आग कधीच विझवू नये. तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतलं की काय होतं ते आपल्याकडे कुणाला शिकवायला नको. दगडी कोळसा जाळायचा मोह टाळा. तो जास्त तापतो, आणि ५५० अंशांच्या पुढे वारंवार गेलं की बीड आतून बदलतं, कायमचं फुगतं, पृष्ठभागावर जाळीदार चिरा पडतात आणि मग खपल्या निघतात. त्याला उपाय नाही.

उन्हाळ्यात आग बंद असताना पाटी जास्त खराब होते. धुराड्यातून पाऊस आत येतो, काजळीत भिजून आम्ल होतो आणि गंज चढवतो. धुराड्याला वर टोपी बसवा. हिवाळा संपला की काजळी कोरड्या ताठ ब्रशने काढा, गंजावर बारीक स्टीलवूल फिरवा आणि ग्रॅफाइटचं स्टोव्ह पॉलिश पातळ लावा. सँडब्लास्टिंग करू नका. नक्षीच्या कडा त्यात जातात आणि पाटी नकलेसारखी दिसू लागते. ऑइलपेंटही नको, पहिल्याच आगीत धूर सोडून त्याचे पोपडे निघतात. हलवताना नेहमी उभी धरा. आडवी करून दोन टोकांनी उचलली तर स्वतःच्याच वजनाने जुनी चीर उघडते.

तडा गेलाच तर घाईने वेल्डिंगवाल्याला बोलावू नका. आधी तापवून न घेता वेल्ड केलं तर टाक्याशेजारीच नवा तडा जातो, आणि जुन्या पाटीत खोलवर मुरलेली काजळी व गंज टाका नीट धरू देत नाहीत. जुने लोहार पाठीमागून लोखंडी पट्टी रिव्हेटने बसवायचे. आजही तेच चालतं. भोकं नक्षी चुकवून पाडायची, आणि पट्टीची दुसऱ्या टोकाची भोकं थोडी लांबट ठेवायची, म्हणजे दोन्ही तुकड्यांना फुगायला वाव राहतो.