आईच्या वाचनालयासाठी पायथन आणि कोको

माझा जुना मॅक मिनी सध्या आईच्या वाचनालयात असतो. नोंदवहीतली ३,४१२ पुस्तकं त्याच्यावर चढवायची, हे मीच कबूल केलं होतं. वेबपान करायचं नाही हेही ठरलेलं होतं, कारण तिथलं इंटरनेट संध्याकाळी हमखास जातं. मला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येते. शिवाय खिडकी, यादी, शोधचौकट हे सगळं मॅकचं स्वतःचं हवं होतं. मॅकच्या या वस्तू कोको नावाच्या संचात असतात आणि त्या ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेतून वापरायच्या असतात. म्हणून पायथन आणि ऑब्जेक्टिव्ह-सी जोडणारा पूल, पायऑब्जसी, घेतलं.

हा पूल नव्वदच्या दशकापासूनचा आहे. ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत कोणती मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन, चालवायची हे नावावरून, प्रोग्रॅम चालू असतानाच ठरतं. त्यामुळे पायथनला रनटाइमकडूनच, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेकडूनच, विचारता येतं की या क्लासमध्ये काय काय आहे आणि मेथडला द्यायचा कुठला आर्ग्युमेंट कोणत्या प्रकारचा आहे. प्रत्येक फंक्शनसाठी हातानं जोडणी लिहावी लागत नाही. मेथडच्या मूळ नावातला प्रत्येक कोलन (:) पायथनमध्ये अंडरस्कोर (_) होतो, एवढं पक्कं लक्षात ठेवायचं. तीन कोलन तर तीन अंडरस्कोर, आणि त्यातला एक अगदी शेवटी.

पहिले दोन दिवस यादी कोरी दिसत होती. खिडकी उघडायची, रकान्यांची शीर्षकं दिसायची, खाली एकही ओळ नाही आणि एररही नाही. मेथडची नावं मी दहादा तपासली. चूक भलतीकडेच होती. यादीला माहिती पुरवणारा डेटा सोर्स मी त्याच ओळीत तयार करून तिथल्या तिथे देऊन टाकला होता. यादी त्याला नुसतं ओळखते, धरून ठेवत नाही. पायथनच्या बाजूनंही त्याला कोणी धरलेलं नव्हतं, त्यामुळे ओळ संपताच तो नाहीसा झाला. सेल्फमध्ये, म्हणजे खिडकी सांभाळणाऱ्या माझ्या ऑब्जेक्टमध्ये, साठवल्याबरोबर पुस्तकं आली. हे पायथनवाल्यांनी आधीच शिकून घ्यावं, कारण एरवी मेमरीचा विचार करायची आपल्याला सवयच नसते.

या मेहनतीचं फळ शोधचौकटीत दिसलं. देवनागरी टायपिंग, जोडाक्षरं, कॉपी-पेस्ट, चौकटीतला मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर, यातल्या कशासाठीही मी एक ओळ लिहिलेली नाही. जुन्या सीएसव्ही फाइल्स (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या याद्या) मात्र वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे खिडकीच्या कामाला समांतर, वाचते आणि यादीला हात फक्त मुख्य थ्रेडवरूनच लावते. काम असं मुख्य थ्रेडवर सोपवायला पायऑब्जसीतलं कॉलआफ्टर आहे.

मग आईनं आडनावांनी लावलेली यादी पाहिली.

“अगं, काळे कावळ्यांच्या आधी कसे आले?”

तिचं बरोबर होतं. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ळ हा लच्या लगेच नंतर येतो, वच्या आधी. आपल्या वर्णमालेत तो हनंतर. पायथन नुसते क्रमांक पाहून लावतं, म्हणून काळे पुढे सरकले. आईची नोंदवही चाळीस वर्षं अकारविल्हे आहे, तिला हे चालणारच नव्हतं. क्रम लावण्यापुरती आडनावाची एक वेगळी प्रत करायची आणि तिच्यात ळच्या जागी हनंतरचा क्रमांक घालायचा, असं छोटं फंक्शन लिहिलं. पायथनच्या चार ओळी झाल्या. मला ही जोडी आवडते ती इथेच: खिडकीचं काम खिडकी बनवणाऱ्यांकडे, आणि आपल्या भाषेचा बारकावा आपल्या हातात.

मॅकओएस १२.३ पासून, म्हणजे २०२२ पासून, सिस्टिमसोबत येणारं पायथन २.७ काढलेलं आहे. त्यामुळे पायथन प्रोग्रॅमचं मॅक अ‍ॅप बनवणारं पायटूअ‍ॅप वापरून पायथन अ‍ॅपमध्येच भरून दिलं. आईला फक्त चिन्हावर दोनदा टिचकी मारायची असते.

काल रात्री तिचा फोन आला. कावळे, काळे आता जागेवर आहेत, पण क्षीरसागर ‘क’मध्ये दिसतात. तिच्या वहीत क्ष अगदी शेवटच्या पानांवर आहे, ज्ञच्या आधी. आज जेवण झालं की तेवढं करायला बसते.