दादाने गोळ्या सोडल्या, मग अजून चिडतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. चाळीत, लग्नात, कुठेही भेटलं की एकच प्रश्न, "गोळ्या सुटल्या ना, मग अजून एवढा चिडतो कसा? हात का थरथरतो?"

बाईकवरून पडला, कंबर धरली, तेव्हा ट्रॅमाडॉल सुरू झाली. ती दुखण्यावरची गोळी अफूच्याच जातीची. दुखणं थांबलं, गोळी नाही थांबली. 2018 च्या एप्रिलमध्ये सरकारने ती एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली, पण सवय लागलेला माणूस कुठूनतरी मिळवतोच.

दादरला मोबाईल रिपेअरिंग करतो तो, तांदळाच्या कणीएवढे स्क्रू. त्या दिवसांत गोळी जास्त झाली की मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, चिमट्यातला स्क्रू तसाच आणि समोर गिऱ्हाईक ताटकळत. मेंदू सुस्त, मग हात कुठून चालणार. आणि गोळी मिळाली नाही की बरोब्बर उलटं, इतके दिवस गोळीने दाबून ठेवलेलं, अंगाला खडबडून जागं करणारं मेंदूतलं रसायन नॉरअ‍ॅड्रेनॅलिन एकदम उसळतं, जांभया, नाक गळतंय, अंगावर काटा, रात्रभर पाय झाडणं, हाताला कंप. गर्दवाले, म्हणजे ब्राऊन शुगरची नशा करणारे, ह्यालाच टर्की म्हणतात. अशाच एका सकाळी आईने चहा दिला, कप बशीत खडखडत होता, ती फक्त "हळू धर रे" म्हणाली आणि त्याने कप भिंतीवर फेकला. मग तिथेच खाली बसून रडायला लागला, आईचा पदर धरून.

तुम्ही ह्याला स्वभाव म्हणता. मी नाही म्हणत. रागाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग नशेने कमजोर होतो आणि ताणाची यंत्रणा मात्र तापलेलीच राहते. अंगाचा त्रास आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो, पण चिडचिड, झोप उडणं, कशातच मन न लागणं हे महिनोन्‌महिने चालतं. आता डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन देतात, अशा गोळ्यांचं व्यसन सोडवायची गोळी, जिभेखाली ठेवायची. त्यावर "एक सोडून दुसरी धरली" असं त्याच्या तोंडावर बोलू नका प्लीज, ती औषध आहे. ती बंद करून पुन्हा जुन्या गोळ्यांकडे वळला तर पूर्वीचाच डोस जिवावर बेतू शकतो, कारण शरीराची तेवढं झेपायची सवय गेलेली असते. कुणाच्या घरात हे चालू असेल तर 14446 वर फोन करा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे.

परवा माझ्या फोनचा डिस्प्ले त्यानेच बदलला. पाऊण तास लागला. शेवटचा स्क्रू दोनदा खाली पडला, दोन्ही वेळा टॉर्च लावून गुडघ्यांवर बसून शोधला त्याने आणि मी तोंडातून शब्द काढला नाही.