याय खाली राहायला आल्या

परवा आयुथयाजवळ बांग पहानला उंच खांबांवर उभं असलेलं एक जुनं सागवानी घर सुटं करून उतरवलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून टाकतोय. मी बँकॉकला आर्किटेक्ट आहे, एका रिसॉर्टवाल्याने हे घर विकत घेतलंय आणि आमच्या ऑफिसकडे काम काय तर मापं घेणं, प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकणं आणि ट्रक भरेपर्यंत उन्हात उभं राहणं.

पुण्यात वाडा पाडताना पाहिलाय मी, जेसीबी, धुरळा, सागाचे खांब जुन्या बाजारात. इथे जेसीबी आलाच नाही. म्हातारे मुख्य सुतार, सगळे त्यांना लुंग म्हणजे काका म्हणतात, त्यांनी आधी पहिल्या खांबापाशी उदबत्ती लावली, हात जोडले, मग पोरं छपरावर चढली. कौलं उतरली, त्रिकोणी बाजूच्या वाकड्या पट्ट्या उतरल्या आणि मग भिंती. भिंत म्हणजे अख्खी एक चौकट, आत बारीक पट्ट्यांचे चौकोन आणि त्यात पातळ फळ्या बसवलेल्या, लाकडी खुंट्या ठोकून काढल्या की चार-सहा माणसं ती तशीच्या तशी उचलून खाली देतात. मुळात हे घर जमिनीवर सुटं बनवून मग उभं करायचं असतं, त्यामुळे सुटं करण्यात कुणाला काही वाईट वाटत नाही, फक्त मला वाटत होतं.

एक गोष्ट मात्र सांगतोच. या घराचे खांब सरळ नसतात, वर जाताना आत कललेले असतात, म्हणून भिंतसुद्धा खाली रुंद आणि वर अरुंद. मी प्रत्येक खांबाला ओळंबा लावून कल मोजलाय. आणि क्लायंटच्या इंटिरियरवाल्याने पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये सगळं नव्वद अंशात! जागेवर एकदाही न येता. त्या ड्रॉइंगप्रमाणे उभं करायला गेलं तर एक भिंत बसणार नाही.

दुसरं भांडण लेव्हलचं. खोलीपेक्षा पडवी साधारण ४० सेंटीमीटर खाली, पडवीपेक्षा मधला चान, म्हणजे उघडा लाकडी ओटा, अजून तेवढाच खाली, आणि दोन्ही ठिकाणी मधली फट उघडी ठेवलेली. जमिनीवरून थंड वारा त्या फटीतून वर येतो, आणि त्या टप्प्यांवर पाय सोडून माणसं बसतात, जेवतात, भाजी निवडतात, खुर्ची लागतच नाही. इंटिरियरवाला म्हणतो गेस्ट अडखळतील, सगळं एका लेव्हलला घ्या, आणि एसी आहे म्हणून फटी बंद करा. अहो मग उरलं काय, छप्पर?

ज्यांचं घर त्या आजी, याय, समोर आंब्याखाली बसून हे सगळं बघत होत्या. चानभोवती तीन खोल्या, खरं तर तीन वेगळी छोटी घरंच. मुलीचं लग्न झालं की जावई इकडे राहायला यायचा, मग त्याच चानला लागून अजून एक घर उभं करायचं, तशी वाढलेली. आता दोन्ही मुली बँकॉकला कोंडोत. मला वाटलं याय रडतील. त्या लुंगना कौलं नीट उतरवा म्हणून ओरडत होत्या आणि मला विचारत होत्या की नव्या खोलीला एसी किती टनाचा घेऊ.

कारण आलेल्या पैशातून त्या शेजारी सिमेंटची एक खोली बांधतायत, थेट जमिनीवर. गुडघे गेलेत, जिना नको. मी त्यांना खांबावरची खूण दाखवली, २०११ च्या पुराची, माझ्या छातीएवढी. त्या वर्षी आयुथयातल्या फॅक्टऱ्या पाण्यात गेल्या आणि याय वर खोलीत बसून, खाली खांबाला बांधलेल्या होडीने दुकानात जात होत्या. खालची जागा मोकळी ठेवतात ती ह्याचसाठी, एरवी तिथे कोंबड्या, माग, दुपारची झोप. हे मी त्यांना सांगत होतो, म्हणजे कुणाला सांगत होतो बघा!

त्या म्हणाल्या, पूर रोज येतो का? जिना रोज चढावा लागतो.

यावर मला अजूनही उत्तर सुचलेलं नाही. दोन रात्रींसाठी येणारे लोक वरच्या घरात राहणार, तेही फटी बुजवून, आणि ज्यांना त्याचा उपयोग माहितीये त्या खाली येणार, आणि दोघंही खूश. चिडू कुणावर?

शेवटी मी त्यांच्या खोलीचा प्लॅन फुकटात काढून देतो म्हटलं, निदान जोतं तरी उंच घ्या. पाच पायऱ्या सुचवल्या. याय म्हणाल्या दोनच, तेवढ्यात लुंग मध्ये पडले, सम संख्येच्या पायऱ्या भुतांच्या जिन्याला असतात, माणसाच्या घराला विषमच हव्यात. मग तीनवर तोडपाणी झालं. म्हणजे जेमतेम अर्धा मीटर. लुंगनी तिथेच मातीत काठीने तीन रेघा मारल्या, यायने वाकून बघितल्या आणि बाजूला कठडा पण लाव म्हणाल्या, स्टीलचा.