जर्नल तिच्याकडे, ब्युरेट त्याच्याकडे

निफाडकडच्या एका शाळेत अकरावीचं टायट्रेशन घ्यायला गेले होते, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडून आम्ल मोजायचा प्रयोग. टेबलाला चार जण, ब्युरेट (खुणा असलेली उभी काचनळी) एकच. पाच मिनिटांत नेहमीचंच चित्र: स्टॉपकॉकवर, म्हणजे ब्युरेटच्या तोटीवर, मुलाचा हात, मुलगी बाजूला जर्नल घेऊन. ‘तिचं अक्षर चांगलं आहे’ हे कारण ऐकलं की आता राग येतो. भिंतीवर कमला सोहोनींचा फोटो होता, १९३९ साली केंब्रिजची पीएचडी मिळवलेल्या बायोकेमिस्ट. त्या फोटोखालीही मुली लिहीतच होत्या.

मी जागा बदलल्या. प्रत्येक मुलीने स्वतः तीन रीडिंग घ्यायची, लिहायचं मुलांनी.

द्राक्षरसातलं आम्ल मोजायचं होतं. रस थॉमसन या हिरव्या द्राक्षाचाच घ्यावा. काळ्या द्राक्षाचा रंग अल्कलीत हिरवट-निळा होत जातो आणि फिनॉल्फ्थॅलीन या इंडिकेटरची, म्हणजे आम्ल संपल्याचं रंगाने दाखवणाऱ्या द्रव्याची, गुलाबी छटा त्यात हरवते. गाळलेला १० मिली रस, ५० मिली डिस्टिल्ड वॉटर, इंडिकेटरचे दोन-तीन थेंब, फ्लास्कखाली पांढरी टाइल. ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. ब्युरेट आधी पाण्याने, मग त्याच द्रावणाने विसळायची. आत पाणी राहिलं तर द्रावण पातळ होतं नि रीडिंग वाढतं. फिकट गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की थांबायचं.

एकीचं रीडिंग आलं ८.३ मिली. शेजारच्या टेबलावर ८.०. तिथले सर म्हणाले, ‘हात हलला असेल, त्यांचंच लिही.’ असं सांगणाऱ्यांमुळेच प्रॅक्टिकल म्हणजे नक्कल होऊन बसलंय.

तिने लिहू दिलं नाही. ब्युरेट पुन्हा भरली, खाली वाकून बघितलं. स्टॉपकॉकखाली नोझलमध्ये बुडबुडा अडकला होता. टायट्रेशन चालू असताना तो निघून गेला की त्याची जागा द्रावण घेतं. पातळी उतरते, फ्लास्कमध्ये मात्र तेवढं पडलेलं नसतं. तिने स्टॉपकॉक झटक्यात पूर्ण उघडून हवा काढली.

‘कसं सुचलं?’

‘शेतातल्या ड्रिपच्या लाइनमधली हवा पप्पा आधी काढतात ना मॅडम.’

पुढची दोन रीडिंग: ८.०, ८.०. ब्युरेटमधल्या द्रावणाच्या एका मिलीला ०.००७५ ग्रॅम टार्टारिक आम्ल, म्हणजे १० मिली रसात ०.०६ ग्रॅम, लिटरला ६ ग्रॅम. गणितही तिनेच केलं.

८.३ पुसू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, पुसायचं नाही. एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी ‘नोझलमध्ये हवा’ लिहायचं. तिने जर्नल मुलाकडून मागून घेतलं आणि ते दोन शब्द स्वतःच लिहिले.